फुमिएबाईंचा पांढरा गोळा

माणसाच्या अंगाला हात लावायचा तर आधी सांगायचं आणि मग लावायचा, हा वृद्धाश्रमातला पहिला धडा. "आता कुशीवर वळवते हं, आजोबा." "आता पायावर पाणी सोडते, कोमट आहे." समोरच्याला कळो न कळो, ऐकू येवो न येवो, सांगायचं. जावा बेटावरच्या डोंगरी गावातून जपानात आलेली लास्त्री हा धडा तीन वर्षं पाळत आली. फक्त एकदा चुकली, आणि तेही हाताने नव्हे, पेनाने.

पहिली दोन वर्षं ती एका मोठ्या शहरातल्या आश्रमात होती. गेल्या पानगळीत तिची बदली तोकिसेला झाली. डोंगरातून धावत आलेली नदी तोकिसेत पाय पसरून बसते, आणि तिच्या रुंद वाळूवर दर तीन ऑगस्टला शोभेचं दारूकाम होतं. तोकिसेकरांचं वर्ष त्या दिवसाभोवती फिरतं. घराचं छप्पर गळतंय, दारूकामानंतर बघू. पोरीला स्थळ आलंय, दारूकामानंतर बोलू. आश्रमातल्या म्हाताऱ्यांना आपल्या नातवंडांची नावं आठवत नसत, पण तीन ऑगस्टला किती दिवस उरले ते अचूक सांगता येई.

त्या म्हाताऱ्यांत हिराइदे आजोबा होते. वय चौऱ्याऐंशी. उभा जन्म रंगीत मासे पाळण्यात गेलेला. डोंगराच्या कुशीत त्यांची तळी होती, आणि बोटं अजूनही पाण्यात काहीतरी चाळवल्यासारखी पांघरुणावर हलत असत. बायको फुमिए चार वर्षांपूर्वी गेली. आजोबांच्या डोक्यात मात्र ती साठीला टेकलेली होती आणि घरातच कुठेतरी होती.

सकाळी डोळे उघडले की ते विचारत, "फुमिए कुठाय?"

आणि जो कोणी कामावर असेल तो म्हणे, "बाजारात गेल्यात."

"छत्री नेली का?"

"नेली."

"मग ठीक."

एवढ्यावर आजोबांचा दिवस सुरू होई. हे उत्तर कुणी ठरवलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण सगळे तेच देत. लास्त्रीही देई. एकदा फेब्रुवारीत कमरेएवढं बर्फ पडलेलं असताना तिने "छत्री नेली" म्हटलं, तेव्हा आजोबांनी खिडकीबाहेर बराच वेळ बघितलं होतं.

मग एप्रिल आला. लास्त्री दर रविवारी घरी फोन करी. आई सोयाबीनच्या वड्या करून बाजारात विकायची, तिचा आवाज कणखर होता, फोनवर बोलतानाही गिऱ्हाइकाला हाक मारल्यासारखी बोले. त्या महिन्यात भाऊ वागिमान फोन उचलू लागला. "आई झोपलीय." दुसऱ्या दिवशी, "आत्ताच डोळा लागलाय तिचा." अकरा दिवस आई झोपलेलीच होती. बाराव्या दिवशी वागिमानने फोन लावला आणि कॅमेरा फिरवला, तेव्हा पांढऱ्या कापडात बांधलेली आई चार माणसांच्या खांद्यावर होती. त्यांच्यात पुरायला उशीर करत नाहीत. कबरीवर मुल्लाने आईचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि चित्र गोठलं, आवाज तुटला. लास्त्री जिन्याखालच्या चादरींच्या कपाटात बसली होती. पुन्हा फोन लागला तेव्हा माती लोटून झाली होती.

"तुला त्रास नको म्हणून आजारपण कळवलं नाही," वागिमान म्हणाला. "तू येऊ तर शकणार नव्हतीस."

ते खरंच होतं. तिला राग येईना, रडूही येईना. फक्त दुसऱ्या सकाळी "बाजारात गेल्यात" म्हणताना तिने आजोबांकडे पाठ करून उशी झटकली.

मे महिन्यात दारूकामाचे अर्ज आले. तोकिसेत कुणीही आपल्या माणसाच्या नावाने आकाशात एक गोळा सोडायला सांगू शकतो. पोरगं जन्मलं म्हणून, साठी भरली म्हणून, कुणी गेलं म्हणून. हिराइदे आजोबांनी सांगितलं, "फुमिएची साठी आहे औंदा. लाल गोळा लिही. साठीला लालच लागतो."

आश्रमाच्या प्रमुख त्सुकिओकाबाई म्हणाल्या, "सांगतात तसं भर, लास्त्री. त्यांच्या आनंदाचा प्रश्न आहे."

तिने नाव लिहिलं. पत्ता लिहिला. मग आल्या दोन चौकटी. एक आनंदाची, एक गेलेल्यांची. पेन आनंदाच्या चौकटीवर धरलं की हात थांबे. मेलेल्या बाईची साठी कशी लिहायची? हीसुद्धा झोपलेलीच ठेवायची का? आजोबा डुलक्या घेत होते. लास्त्रीने गेलेल्यांच्या चौकटीत गोल केला, त्यांच्या खणातला, सहीऐवजी उमटवायचा नावाचा शिक्का काढला, लाल शाईत बुडवला आणि नावापुढे उमटवला. त्यांना काही सांगितलं नाही. तिला वाटलं, कागद आहे, कचेरीच्या कपाटात जाईल. निदान एका कागदावर तरी खरं लिहिलेलं राहील.

तीन ऑगस्टला तिला सुट्टी मिळाली. ओगुरीताई, तिच्याबरोबर काम करणारी पन्नाशीची बाई, सकाळी कपबशा विसळत म्हणाली, "एकटी जाणार? अगं, दारूकाम एकटीने बघणं म्हणजे एकटीनेच भांडण करणं. समोर कोणीतरी पाहिजे."

"तुम्ही चला मग."

"मी इथली दहा म्हातारी कुणाच्या डोक्यावर ठेवू? जा. आम्ही खिडकीतून बघू. गावच्या रेडिओवर सगळं सांगतात. तुझा हिराइदे तर पहाटेपासून केस विंचरून बसलाय."

लास्त्रीला जायचं होतं ते दारूकामासाठी नव्हतंच. परवा आईचा शंभरावा दिवस झाला होता. गावी वागिमानने भाताचा ढीग रांधून शेजार जेवू घातला, चटईवर बसलेल्या माणसांचा फोटो पाठवला. त्या फोटोत तिच्या जागी कुणीतरी चपला काढून ठेवल्या होत्या. तेव्हापासून तिला माणसांत बसावंसं वाटत होतं. कुठल्या का माणसांत.

नदीकाठी आदल्या दिवसापासून निळी प्लास्टिकं अंथरलेली होती. प्रत्येकाच्या कोपऱ्यावर चिकटपट्टी आणि तिच्यावर घराचं नाव. माणूस नसला तरी दुसऱ्याच्या अंथरुणावर कुणी पाय देत नाही. लास्त्रीने दोन मोठ्या अंथरुणांच्या फटीत आपलं टॉवेलएवढं प्लास्टिक टाकलं, चिकटपट्टीवर नाव लिहिलं आणि गुडघे पोटाशी घेऊन बसली. चार वाजले होते. ऊन पाठीवर चढत होतं, डोक्यावरचा रुमाल घामाने चिकटला होता.

उजवीकडच्या अंथरुणावर मासळीवाल्या नेगोरोबाई होत्या. अंगाने ऐसपैस, आवाज त्याहून ऐसपैस. सोबत नवरा, दोन सुना आणि अन्नाचे डबे.

"एकटीच?" बाईंनी विचारलं. "नवरा मागून येतोय?"

"नवरा नाही."

"शहाणी आहेस. माझा बघ, तीस वर्षं झाली, दर साली पहिला गोळा सुटायच्या आत घोरायला लागतो." नवऱ्याने डोळे मिटूनच हात हलवला. "कुठं कामाला?"

"वर, टेकडीवरच्या वृद्धाश्रमात."

"अगोबाई. मग थोड्या वर्षांनी आमची गाठ आहेच. ह्याला जरा गार पाण्यानेच आंघोळ घाल, सांगून ठेवते." तिने भाजलेला मका पुढे केला. लास्त्री घुटमळली तशी म्हणाली, "डुक्कर नाही गं ह्यात, नुसता मका आहे. तुमच्याकडच्या पोरी आमच्या कारखान्यात आहेत, मला सगळं ठाऊक आहे."

मका खारट आणि गोड होता. लास्त्रीला खूप दिवसांनी भूक लागली.

नेगोरोबाईंनी आपली छापील पुस्तिका तिच्या मांडीवर टाकली. "वाचता येतं? बघ, आमच्या सासूचं नाव आहे, पान तीन. हे पहिले सगळे पांढरे. गेलेल्यांचे. त्यांची नावं भोंग्यावर वाचतात आणि एकेक सोडतात. त्यावेळी टाळ्या वाजवायच्या नाहीत हं, नवीन माणसं वाजवतात आणि मग सगळे वळून बघतात. लाल-हिरवं सगळं नंतर."

लास्त्रीने पान तीन उघडलं. नेगोरोंच्या सासूखाली चौथी ओळ होती. हिराइदे फुमिए. शांतीसाठी. पतीकडून.

मका हातातच राहिला.

"हे रेडिओवरही वाचतात?" तिने विचारलं.

"वाचतात म्हणजे. घरोघरी लावून बसतात. का गं?"

टेकडीवर एक म्हातारा केस विंचरून, मांडीवर रेडिओ घेऊन लाल गोळ्याची वाट बघत होता. त्याला तो रेडिओ सांगणार होता की त्याची बायको मेली. चार वर्षांपूर्वी मेलेली बाई आज संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी पुन्हा मरणार होती, आणि ते लिहिणारी पोर इथे मका खात होती.

ती उठली. माणसांच्या अंथरुणांच्या कडेकडेने, चपला हातात घेऊन, व्यवस्थापनाच्या तंबूपर्यंत पोहोचायला अर्धा तास गेला. तिथला माणूस गळ्यात पंचा टाकून पंख्याने वारा घेत होता. त्याने तिचं सगळं शांतपणे ऐकलं, पुस्तिकेत बोट ठेवलं, मान तिरकी केली.

"पांढऱ्याचा लाल आता होणं नाही, बाई. गोळे सकाळीच नळ्यांत उतरलेत. तिथं हात कोण घालणार? माझा तर मी घालत नाही."

"मग नाव वाचू नका. नुसता सोडा."

"त्याला अर्जदाराचा शिक्का लागतो."

"शिक्का आश्रमात आहे. रस्ते तर बंद केलेत तुम्ही."

तो पंखा हलवायचा थांबला. घड्याळाकडे बघितलं. साडेसहा. "असं करा, आश्रमात फोन लावा. तिथलं जबाबदार माणूस तोंडी म्हणालं की नाव गाळा, तर मी ओळ खोडतो. सात वाजेपर्यंत. नंतर कागद वाचणाऱ्या बाईंकडे जातो, मग माझ्या हातात नाही."

त्सुकिओकाबाईंचा फोन बंद होता. त्याही गर्दीत कुठेतरी नातवंडं घेऊन बसल्या असणार. लास्त्रीने ओगुरीताईला लावला.

"काय गं, कंटाळलीस ना?" ओगुरीताई हसत होती. मागे रेडिओवर बँड वाजत होता. "म्हटलं होतं मी."

लास्त्रीने सांगितलं. हसणं थांबलं.

"तू असं का लिहिलंस?"

"खरं आहे म्हणून."

"खरं." ओगुरीताईने आवाज खाली आणला. "खरं घेऊन तू नदीवर बसलीयस, आणि इथं रात्रभर त्यांच्यापाशी मला बसायचंय. बरं, आता काय करू? रेडिओ काढून घेऊ? की तिथल्या माणसाला सांगू, नाव गाळा?"

नाव गाळलं तर आजोबा वाट बघत बसतील. आधी पांढरे जातील, मग निळे, हिरवे, सोनेरी, शेवटी नदीवर धूर राहील आणि लाल गोळा आलाच नाही म्हणून उद्या विचारतील. मग कुणीतरी सांगेल, पुढच्या वर्षी. फुमिएबाई छत्री घेऊन बाजारात राहतील. आणि तिकडे आकाशात एक बेनाव गोळा फुटेल. लास्त्रीला कबरीवरचा तो गोठलेला मुल्ला आठवला, उघडलेलं तोंड आणि न आलेलं नाव.

"नाव गाळू नका," ती म्हणाली. "पण रेडिओवर यायच्या आधी त्यांना सांगा. आधी सांगायचं असतं."

"मी नाही सांगणार."

"ताई—"

"तू लिहिलंस, तू सांग. देते फोन."

पलीकडे खुर्ची सरकली. "हिराइदेआजोबा, लास्त्रीचा फोन आहे." मग म्हाताऱ्याचा श्वास कानाशी आला.

"लास्त्री, तिथं वारं आहे का? वारं असलं की धूर लोकांच्या अंगावर येतो."

"थोडं आहे, आजोबा. नदीवरून येतंय."

"मग लाल चांगला दिसेल."

तिच्या आजूबाजूने माणसं जात होती, बर्फाचे गोळे घेतलेली, हसणारी, पंखे हलवणारी. तिने दुसरा कान हाताने दाबून धरला.

"आजोबा, आता एक गोष्ट सांगते. नीट बसलात का?"

"बसलोय."

"फुमिएबाईंचा गोळा लाल नाहीये. पांढरा आहे."

"लाल सांगितला होता मी."

"हो. पांढरा मी लिहिला."

बँड वाजतच होता.

"परदेशातली पोर तू," आजोबा म्हणाले. आवाजात राग नव्हता, माशाच्या पिलाला पारखताना लावावा तसा हळू आवाज होता. "पांढरा कुणाचा असतो, माहीत आहे का तुला?"

"आज कळलं. पण फुमिएबाई गेल्या ते आधीपासून माहीत होतं."

"कधी?"

"चार वर्षं झाली. फेब्रुवारीत."

"बर्फ होतं."

"हो."

"मी होतो का तिथं?"

आश्रमाच्या वहीत आजोबांच्या आयुष्याची दोन पानं लिहिलेली होती, नव्या माणसाने वाचायची म्हणून. लास्त्रीने ती अनेकदा वाचली होती. "तुम्ही होतात. त्यांचा हात तुमच्या हातात होता. तुमच्या मुलाने तसं लिहून दिलंय."

मग काहीतरी पडल्याचा आवाज आला, ओगुरीताईचं "आजोबा, आजोबा" ऐकू आलं आणि फोन बंद झाला. लास्त्रीने पुन्हा लावला. कुणी उचलला नाही. तंबूतल्या माणसाने सात वाजता कागद वाचणाऱ्या बाईंकडे पाठवला आणि लास्त्रीकडे बघून मान झुकवली, इतकी की तो क्षमा मागतोय की निरोप देतोय ते कळलं नाही.

ती आपल्या टॉवेलएवढ्या प्लास्टिकवर परतली. कुणी त्यावर पाय दिला नव्हता.

आकाश अजून पुरतं काळं नव्हतं, डोंगरामागे पिकलेल्या फणसाच्या गऱ्यासारखा पट्टा उरला होता. भोंगा खरखरला. एवढ्या हजारो माणसांचा वाळूवरचा गलका कुणीतरी मूठ आवळावी तसा बंद झाला. नावं वाचणाऱ्या बाईंचा आवाज संथ होता. एक नाव, एक रेघ वर चढणारी, वर एक पांढरं फूल, मग उशिरा छातीत बसणारा दणका. नेगोरोबाईंच्या सासूचं नाव आलं तेव्हा घोरणारा नवरा उठून बसलेला होता आणि त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली होती.

"हिराइदे फुमिए. शांतीसाठी. पतीकडून."

नाव पुरतं उच्चारलं गेलं. एक अक्षर गळलं नाही, आवाज कुठे तुटला नाही. गोळा वर गेला, उंच, बाकीच्यांपेक्षा उंच वाटला, आणि फुटला. पांढऱ्या पाकळ्या सगळीकडून एकदम खाली झुकल्या आणि पाण्याला टेकायच्या आत विझल्या.

लास्त्रीने तोंडावर रुमाल दाबला. मनात तिने आईचं नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. शंभर दिवसांत पहिल्यांदा डोळ्यांतून पाणी आलं, आणि ते आईसाठी किती, टेकडीवरच्या म्हाताऱ्यासाठी किती, हे तिला वेगळं करता येईना. नेगोरोबाईंनी तिच्याकडे बघितलं. आपल्या अंथरुणाची कडा तिच्या प्लास्टिकवर ओढून घेतली फक्त, म्हणजे ती त्यांच्यातली झाली.

रंगीत सुरू व्हायच्या आत ती निघाली. टेकडी चढून गेली तेव्हा ओगुरीताई दारात उभी होती.

"रेडिओ फेकला त्यांनी. मग उचलून मागितला. ऐकलं. जेवले नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडलेत. आत जाऊ नकोस आज."

"रागावलेत?"

"मला काय माहीत. चार वर्षांत मी त्यांना बाजाराशिवाय दुसरं काही सांगितलंय का?"

दोन दिवस आजोबा जेवले नाहीत, नुसतं पाणी घेतलं. त्सुकिओकाबाईंनी लास्त्रीला समोर बसवलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "अर्ज त्यांचा होता, लास्त्री. दुःख तुझं होतं. ते तू त्यांच्या कागदावर लिहिलंस," त्या म्हणाल्या. ते खरं होतं. तिचं काम वरच्या मजल्यावर लागलं. हिराइदे आजोबांची खोली आता दुसऱ्याकडे.

तिसऱ्या सकाळी ती धुतलेल्या चादरी घेऊन खालच्या सोप्यातून जात होती. आजोबा खिडकीशी चाकाच्या खुर्चीत होते. दोन दिवसांत गाल आत गेले होते. बोटं पांघरुणावर हलत होती.

"फुमिए कुठाय?" त्यांनी विचारलं. कुणाला असं नाही, खिडकीलाच.

भात भरवायला बसलेल्या ओगुरीताईचा चमचा हवेत थांबला. तिने लास्त्रीकडे बघितलं. त्या बघण्यात राग होता, विनवणीही होती, आणि यापुढे आपण काय म्हणायचं ते तिला खरंच ठाऊक नव्हतं.

लास्त्रीने चादरी खाली ठेवल्या. आजोबांच्या समोर, त्यांना चेहरा दिसेल अशी गुडघ्यांवर बसली. "आजोबा, तुमचा हात हातात घेते हं," ती म्हणाली आणि मग घेतला. "तीन ऑगस्टला फुमिएबाईंचा गोळा उडाला. मी तिथं होते. पांढरा."

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. ओळखत होते की नाही, सांगता येत नव्हतं.

"टाळ्या वाजवल्या का लोकांनी?"

"नाही. एकानेही नाही."

त्यांची बोटं थांबली. डोळ्यांच्या कडा भरल्या, पण तोंड खिडकीकडे वळलं नाही.

"मग बरोबर," ते म्हणाले, आणि ओगुरीताईच्या चमच्यासाठी तोंड उघडलं.